कणगीतली शपथ

साठी जवळ आली, नातवंडं झाली, डोक्यावर काळा केस औषधाला उरला नाही, तरी धाकलीचं नाव धाकलीच राहिलं. पाच बहिणींतली शेवटची म्हणून आईबापांनी ते ठेवलं आणि पुढं कधी त्याचा विचार केला नाही. दिघाशीच्या पाड्यावर आता तिच्याहून वडीलधारी बाई शोधून सापडली नसती. आणि ज्या घरात ती लग्न होऊन आली त्या घराचं कोठार तर आपल्याच जिवावर उभं आहे, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. तिच्या बोलण्यात थोडी बढाई असे, पण खोटं नसे.

कोठार शंभर वर्षांच्या पुढचं होतं. तिचा नवरा महादू, त्याच्या आजानं बांधलेलं. ऐनाचे बारा खांब, सागाचे वासे, कारवीच्या काठ्या विणून शेणमातीनं लिंपलेल्या भिंती, वर कौलं. खिळा एक नाही, सगळं खाचा पाडून एकमेकांत बसवलेलं. एके काळी अख्ख्या पाड्याचं भात तिथं यायचं. आता अर्धा पाडा काल्हेरच्या गोदामांत ड्युटीला जातो आणि रेशनचा तांदूळ खातो. धाकलीच्या घरचंही खायचं भात पोत्यांत भरून घरीच राहायचं. कोठारात उरली होती एकच कणगी. बांबूची विणलेली, आतूनबाहेरून लिंपलेली, छातीएवढ्या उंचीची, उगवतीच्या कोपऱ्यात बसवलेली.

त्या कणगीत बियाण्याचं भात असे आणि भातात कणसरी असे. कणसरी म्हणजे धान्याची देवी. तिला मूर्ती नाही की देऊळ नाही. घरच्या शेतातलं, घरच्या बियाण्याचं भात हीच ती. त्यांचं भात तांबड्या टरफलाचं, दाण्याच्या टोकाला लांब कुसळ. आजेसासऱ्यांपासून तेच बी दरवर्षी पेरलं जायचं आणि दरवर्षी त्याच कणगीत परत यायचं. बाजारातलं भात कितीही आणा, ते नुसतं धान्य. त्यात देवी नाही.

या घरात मोठा शब्द द्यायचा तर कणगीत हात घालून द्यायचा. उजवा हात कोपरापर्यंत भातात, मग बोलायचं. आणि ज्याला शब्द द्यायचा त्यानं तेवढा वेळ कणगीकडं पाठ करून उभं राहायचं. बघायचं नाही. बघितलं म्हणजे विश्वास नाही, आणि विश्वास नसेल तर शब्द मागायचाच कशाला, अशी ती रीत. धाकलीचं लग्न ठरलं तेव्हा महादूनं असाच हात घातला होता आणि तिच्या बापानं पाठ केली होती. शब्द मोडणाऱ्याचा तो हात वाळतो, हेही सगळ्यांना माहीत होतं. महादूचा चुलता चिंधू यानं बांधाच्या भांडणात दिलेला शब्द फिरवला, आणि दोन पावसाळ्यांत त्याचा उजवा हात लाकूड झाला. भिवंडीच्या डॉक्टरनं लकवा म्हणून सांगितलं. डॉक्टर शिकलेला माणूस, त्याला काय कळणार!

त्या चिंधूकाकाला घास भरवायचं काम लहानपणी किशनकडं होतं.

किशन म्हणजे महादूचा धाकटा भाऊ, धाकलीचा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि आई नव्हती. त्याचं नाक तिनं पुसलं, त्याच्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या, तापात चार-चार दिवस मांडीवर घेऊन बसली. पुढं तिला पोटची मुलगी झाली, प्राजक्ता, पण थोरला लेक किशनच, असं ती म्हणायची. महादू गेला तेव्हा किशननं तिच्या पायांवर डोकं ठेवून हंबरडा फोडला होता. आता तो शेहेचाळीसचा झाला होता. निजामपुऱ्यातल्या लूमवरून कापडाचे गठ्ठे उचलायचे आणि काल्हेरच्या गोदामात टाकायचे, हे काम तो वीस वर्षं टेंपो चालवून करत होता. रस्त्याकडेला त्यानं सिमेंटचं घर बांधलं होतं. धाकली मात्र जुन्याच घरात, कोठाराच्या शेजारी राहायची.

पूर्वाबाईला तोच घेऊन आला. ठाण्याची, जुनी घरं दुरुस्त करून देणारी इंजिनेर बाई. कोठारात शिरली आणि खांबांवरून हात फिरवत अर्धा तास एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, हे असं आता कुणाला बांधता येत नाही. हे पडू देऊ नका."

धाकलीला ती तिथंच आवडली. "पडतंय कुठं? मी हाय ना."

किशननं मग सगळं समजावून सांगितलं. शहरातली माणसं सुट्टीला अशा जागी येऊन राहतात. कोठार आहे तसंच ठेवायचं, आत खोल्या काढायच्या, माळ्यावर झोपायची सोय करायची. आदिवासीची जमीन बाहेरच्या कुणाला विकत घेता येत नाही, तेव्हा जागा आपलीच राहणार. बाई नुसती भागीदार.

"शेतावरच्या कोठारात येऊन झोपायला लोक पैसे देतात?" धाकलीनं विचारलं.

"देतात वयनी."

"त्यांच्याकडं घरं न्हाईत काय?"

पूर्वाबाई हसली. किशन हसला नाही. "वयनी, वीस वर्षं दुसऱ्याचे गठ्ठे वाहिले मी. एक तरी पाटी माझ्या नावाची लागूदे की."

खरंच होतं ते. पण कोठारात तिचा अर्धा वाटा होता आणि तिची सही लागणार होती. ती म्हणाली, "काय करायचं ते कर. पण उगवतीचा कोपरा माझा. कणगी हलायची न्हाय. तिथं परक्या माणसानं पाय ठेवायचा न्हाय."

"एवढंच ना!" किशन म्हणाला.

"शब्द दे."

"देतो की. पीक घरात येऊंदे, नवी कणगी भरली की देतो."

तिला त्याचं कौतुक वाटलं. अर्ध्या रिकाम्या कणगीत हात घालण्यापेक्षा भरल्या कणगीत घालावा, हे त्याचं त्यालाच सुचलं.

कापणीच्या तोंडावर प्राजक्ताचे दिवस भरत आले. ती काल्हेरला राहायची, नवरा गोदामात सुपरवायझर. बाळंतपण अवघड होतं, पोटावर टाके पडले, आणि धाकलीला तिथं दीड महिना अडकून पडावं लागलं. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना तिचा अर्धा जीव शेतात असे. किशनचा फोन येई. कापणी झाली. झोडपणी झाली. देवीला नवं दाखवलं. "तू पोरीकडं बघ, इकडं मी हाय." मी हाय, हे दोन शब्द ऐकले की ती निर्धास्त होई. आयुष्यभर ती ज्याला ते म्हणत आली होती, तो आता तिला म्हणत होता.

ती परत आली तेव्हा कणगी भरलेली होती. वर सागाची पानं, त्यावर पेंढा, अगदी रीतीप्रमाणं.

"तोंड लिंपायचं तेवढं तुझ्यासाठी ठिवलंय," किशन म्हणाला. "पण त्याच्या आधी शब्द देतो. म्हणजे शब्दासकट लिंपून टाक."

किती शहाणं पोर, तिला वाटलं. ती पाठ करून उभी राहिली. पुढं दार होतं, दारातून उन्हातलं खळं दिसत होतं. मागं पेंढा सारल्याचा आवाज झाला, पानं सळसळली, मग भातात हात जाताना होतो तो आवाज. तो आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता.

"मी किशन, कणसरीच्या भातात हात घालून वयनीला सांगतो," किशन म्हणाला. आवाज जरा कापला. "उगवतीचा कोपरा तिचा. कणगी हलणार न्हाय. परका पाय पडणार न्हाय."

तिचे डोळे भरून आले. ती वळली तेव्हा पानं पुन्हा नीट पसरलेली होती. तिनं शेणमाती कालवली आणि कणगीचं तोंड स्वतःच्या हातानं लिंपून बंद केलं. वर तांदळाच्या पिठात पंजा बुडवून ठसा उठवला. दुसऱ्या दिवशी भिवंडीला जाऊन तिनं सही केली. कागद इंग्रजीत होता. वाचून दाखवू का, असं तिथल्या माणसानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नको. आमचं बोलणं झालंय."

काम सुरू झालं. धाकलीला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती पहिल्या दिवसापासून तिथं हजर. पूर्वाबाईला कारवीच्या भिंती हव्या होत्या आणि तिच्या गवंड्यांना त्या येत नव्हत्या. मग धाकलीनं पाड्यावरच्या चार बायका जमवल्या. कारवी कशी भिजवायची, शेणात भाताचा कोंडा किती घालायचा, पहिला हात उभा आणि दुसरा आडवा का मारायचा, हे सगळं तिनं दाखवलं. बाई वहीत लिहून घ्यायची, मोबाईलवर शूटिंग करायची. माळ्यावर पलंग आले. कौलांमध्ये मधेमधे काच बसली. मग एक दिवस भिंतीवर थंड हवेचं यंत्र चढलं आणि धाकली पोट धरून हसली. उन्हाळ्यात बाहेर चटके बसत असताना भात गार राहावं म्हणून ज्या भिंती बांधल्या, त्यांना गारव्याचं यंत्र!

"गेस्टना लागतं वयनी," किशन म्हणाला. त्याच्या तोंडी आता असे शब्द यायला लागले होते.

तिचा कोपरा जसाच्या तसा होता. किशननं त्यावर ताडपत्री बांधून दिली होती, सिमेंट उडू नये म्हणून. ती रोज संध्याकाळी जाऊन कणगीला हात लावून यायची.

चैत्र संपता संपता एका सकाळी ती गेली तर ताडपत्री वर गुंडाळलेली. कोपऱ्यातल्या जमिनीवर खडूनं रेघा मारलेल्या. एक चौकोन, एक गोल, भिंतीपाशी दोन फुल्या. नळवाला मोजपट्टी घेऊन उकिडवा बसला होता, त्याचा एक पाय कणगीला टेकलेला.

"ए, पाय काढ!" ती ओरडली. "काय चाललंय हे?"

"बाथरूम हाय आज्जी इथं. खालच्या खोलीचं."

ती पूर्वाबाईकडं गेली. बाई गोंधळली. तिनं नकाशा पसरला आणि बोट ठेवून दाखवलं. "हे पहिल्यापासूनच इथं आहे मावशी. ड्रेनेज याच बाजूनं जातं ना. किशनदादा म्हणाले, कणगीचं मी घरच्यांशी बोललोय, ती रिकामी करून पुढं व्हरांड्यात ठेवू. खूप सुंदर दिसेल ती तिथं. तुम्हाला माहीत नव्हतं? या नकाशावर तुमची सही आहे."

सही होती. आकड्यांच्या आणि रेघांच्या खाली, शाळेच्या दुसरीतल्या अक्षरात, धाकली महादू.

ती तिथून निघाली तेव्हा तिला राग आला नव्हता. खरं सांगायचं तर रागाच्या आधी भीती आली. या धाकलीचं काय करावं! आपली फसवणूक झाली हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. तिला दिसत होता फक्त किशनचा उजवा हात. इंग्रजी कागद, त्याला तरी काय कळलं असणार, शहरातल्या माणसांपुढं भिडेनं हो म्हणाला असेल, आणि आता नाही म्हणता येत नसेल. पण कणसरी हे ऐकून घेईल का? तिला चिंधूकाका दिसला, ओट्यावर बसलेला, आणि त्याच्या तोंडाशी घास धरून उभा असलेला लहानगा किशन.

त्यानं टेंपो लावला तशी तिनं त्याला गाठलं. "किशन, तू शब्द दिलायस. भातात हात घालून."

"ठाव हाय."

"मग? हाताचं काय हुईल तुझ्या?"

तो तिच्याकडं बघेना. टायरवर पाय आपटत म्हणाला, "माझ्या हाताची काळजी तू करू नको. माझं मी बघीन."

"काम थांबव. बाईला मी सांगते. लागलं तर पाय धरते तिचे."

"वयनी, आता थांबत न्हाय ते."

त्या दिवसापासून धाकलीनं एक वेळचं जेवण सोडलं. रोज सकाळी ती कणगीपाशी बसे आणि पुटपुटे, "पोर चुकलं. आई न्हाय त्याला. घ्यायचा तर माझा हात घे. माझं आता कितीसं काम उरलंय." तिच्या सांगण्यावरून नळवाला त्या कोपऱ्यातलं काम शेवटाला ठेवायला तयार झाला होता. बिचारा घाबरला होता. किशन दिसला की तिची नजर आधी त्याच्या हाताकडं जाई. बोटं सुजलीत का? पकड सुटतेय का? एकदा हातोडीखाली सापडून त्याचा अंगठा काळानिळा झाला, तर ही रडायलाच लागली. घरून तेल कोमट करून आणलं आणि त्याला ओट्यावर बसवून अंगठ्यापासून खांद्यापर्यंत चोळत राहिली. किशन मान खाली घालून बसला होता. मग त्यानं तिच्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात असं काही होतं की तिला वाटलं, लहानपणचा किशन हाच. ती माया आहे असं ती समजली. ती लाज होती, हे तिला पुढं कळलं.

पण एक गोष्ट तिला खटकत होती आणि तिचा उलगडा होत नव्हता. किशन भीत नव्हता. वाघदेवाच्या दगडाजवळून टेंपो नेताना जो अजूनही खाली उतरून नमस्कार करी, अमावास्येला जो लिंबू-मिरची बांधल्याशिवाय गाडी काढत नसे, तो कणसरीचा शब्द मोडून नीट जेवत होता, नीट झोपत होता. माणूस एवढा कसा बदलतो? पैशानं बदलतो म्हणावं तर पैसा अजून यायचा होता.

वैशाखात एक दिवस त्यानं येऊन सांगितलं, "उद्या कणगी रिकामी करायची. मी करतो. तू घरी बस, तुला बघवणार न्हाय."

"मी करीन."

"तू नको," तो घाईघाईनं म्हणाला. "मी म्हणतो ना. तू अजिबात येऊ नको."

देवीचा कोप स्वतःवर घ्यायला बघतोय, असं धाकलीला वाटलं. आणि म्हणूनच ती दुसऱ्या दिवशी उजाडताच, तो यायच्या आधी, एकटी कोठारात गेली. कणगीच्या तोंडाला हात लावायचाच असेल तर तो आपला लागू दे. चुलीजवळची बारकी कुऱ्हाड तिनं बरोबर घेतली होती. आधी हात जोडले, मग स्वतःच्या पंजाच्या ठशावर कुऱ्हाडीचा दांडा आपटला. लिंपण तडकलं. तिनं ढेकळं बाजूला केली, पेंढा काढला, सागाची वाळलेली पानं एक एक करून उचलली आणि देवीची माफी मागत हात आत घातला.

हात आत गेला आणि ती थबकली.

कुसळ लागलं नाही. त्यांच्या भातात हात घातला की कुसळं टोचतात, मनगटाला खाज सुटते. चाळीस वर्षं ती खाज तिच्या ओळखीची. हे भात गुळगुळीत होतं, हातावरून नुसतं घसरत होतं. तिनं मूठ भरून बाहेर काढली आणि कौलांतल्या नव्या काचेतून येणाऱ्या उजेडात धरली. पिवळाधमक दाणा. बारीक, लांब, एकसारखा. दुकानातल्या बियाण्याचं भात. तिनं आणखी खोल हात घातला, खांद्यापर्यंत, पार वाकून. खालीही तेच. तांबडा दाणा एक नाही.

ती कणगीला टेकून जमिनीवर बसली, खडूच्या चौकोनात. तिला सगळं समजायला वेळ लागला, कारण तिचं मन ते समजून घ्यायला तयार नव्हतं. मग एक एक करून सगळं जागेवर बसलं. ती काल्हेरला होती तेव्हा कणगी भरली ती यानं. टेंपो त्याचाच. नकाशा तेव्हाच झालेला होता. भरल्या कणगीतच शब्द देईन म्हणाला होता तो याचसाठी. आणि लिंपायच्या आधी दिला, म्हणजे नंतर कणगीला कुणी हात लावणार नाही. ती पाठ करून उभी असताना त्यानं हात घातला तो बाजारच्या भातात. त्यात देवी नव्हती, म्हणून तो शब्दही शब्द नव्हता, आणि हात वाळायची भीती नव्हती. म्हणून तो नीट झोपत होता.

आणि आपण त्याच्या हाताला तेल चोळत होतो.

इथं मात्र तिला राग आला. असा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता, नवऱ्याचा नाही, दैवाचा नाही. ती उठली, मुठीतलं भात मुठीतच ठेवून चालू लागली आणि थेट रस्त्याकडेच्या सिमेंटच्या घरात शिरली.

किशनची बायको, तिची जाऊ, चहा गाळत होती. धाकलीचा चेहरा बघून ती आतल्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिली. "काय झालं ताई? ते आंघोळीला गेलेत. बसा ना."

"सर."

"आत पसारा हाय—"

"सर म्हणते ना."

आतल्या खोलीत, कपाट आणि भिंतीच्या मधे, निळा प्लॅस्टिकचा ड्रम होता. निजामपुऱ्यात सुताला लावायची खळ ज्यात येते तसला. धुऊन स्वच्छ केलेला, बाहेरून हळदीकुंकू लावलेलं, पुढं तेलाचा दिवा, ताजं झेंडूचं फूल. धाकलीनं झाकण काढलं. आत तांबडं भात, वर कुसळांचं जाळं. तिनं हात घातला. मनगटाला खाज सुटली.

मागं किशन येऊन उभा राहिला. डोक्यावरून पाणी निथळत होतं, खांद्यावर टॉवेल. त्यानं तिच्या दुसऱ्या मुठीतलं पिवळं भात बघितलं आणि त्याला काही विचारावं लागलं नाही.

"देवीशी बेइमानी न्हाय केली मी," तो म्हणाला. "बघ, रोज दिवा लावतो. नवं पीक आधी तिलाच दाखवलं. एक दाणा इकडचा तिकडं केला न्हाय."

"बघतेय."

"पेरणीला बी तुला दिलंच असतं. मीच आणून दिलं असतं."

"अन् मी इचारलं असतं की कणगीतलं काढलं का, तर काय सांगणार होतास?"

त्यानं वाकून दिव्याची वात सारखी केली.

"देवीशी बेइमानी न्हाय," धाकली म्हणाली. "मग कुणाशी केलीस?"

"वयनी, तू हो म्हणाली नसतीस. जन्मात म्हणाली नसतीस."

"इचारलंस?"

"माहीत होतं मला."

"न्हाय म्हणाले असते मी. खरं हाय. मग तू रागावला असतास. दहा दिवस, महिनाभर बोलला नसतास. मग मीच भाकरी घेऊन आले असते तुझ्याकडं. आजवर किती येळा आले." तिचा आवाज फुटला. "तेवढंच झालं असतं ना रे? तेवढंसुद्धा सोसवलं न्हाय तुला?"

किशनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. जाऊ दारात चहाचं भांडं हातात धरून तशीच उभी होती.

"देवीला भ्यालास," धाकली म्हणाली. "तिचा कोप हुईल म्हणून तीन पोती भात इकडून तिकडं वाहिलंस. मला कशाला भिशील? मी काय करणार हाय तुझं? मी उपास करत होते तुझ्यासाठी. तू रोज बघत होतास. एका शब्दानं म्हणाला न्हाईस की वयनी, जेव."

त्यावर तो खालीच बसला. रस्त्यावरून गोदामाकडं जाणारे ट्रक गेले, खिडकीची काच थरथरली. मग तो उठला. चेहरा पुसून, लहानपणी चूक कबूल करताना जसा ताठ उभा राहायचा तसा उभा राहिला.

"आता खरा शब्द देतो," तो म्हणाला. "तुझ्या अंगणात दुसरं कोठार बांधून देतो. बारकं, पण ऐनाच्या खांबांचं, कारवीचं. नवी कणगी. पावसाच्या आधी. पूर्वाबाईलाही सांगतो, मी खोटं बोललो म्हणून. ह्या भातात हात घालून सांगतो. खऱ्या."

त्यानं दिव्याला नमस्कार केला, फूल बाजूला ठेवलं आणि उजवा हात ड्रममध्ये घातला. कुसळं चिरडल्याचा आवाज झाला. हात कोपरापर्यंत आत गेला. तो थांबला. ती पाठ करील म्हणून थांबला, कारण त्याशिवाय बोलायला सुरुवात करता येत नाही.

धाकली जागची हलली नाही.

"वयनी, पाठ फिरव," तो म्हणाला.

"बोल."

"अशी बघत राहिलीस तर कसं बोलू? रीत हाय आपली."

"ठाव हाय मला रीत," धाकली म्हणाली. "मी बघतेय. बोल तू."

त्यानं दोनदा तोंड उघडलं. शब्द आला नाही. जावेनं मान खाली घातली. किशनचा हात भातात तसाच होता, आणि धाकली त्या हाताकडं डोळे उघडे ठेवून बघत उभी राहिली.